समाधान मानणाऱ्यांची साक्ष

संगणक प्रणाली यशस्वी ठरली की फसली हे पाहायचे असेल तर ती वापरणाऱ्यांना विचारावे, आणि ते समाधानी असल्याचे सांगत असतील तर प्रणाली यशस्वी समजावी, हे मत माहिती प्रणालींच्या अभ्यासशाखेत गेली चार दशके इतके पक्के बसले आहे की त्याला आता कोणी मत म्हणतही नाही. ते गृहीतच धरले जाते. यंत्र, आज्ञावली, नोंदी, नियम आणि त्यांच्याभोवती काम करणारी माणसे यांची मिळून जी घडण होते तिला या शास्त्रात माहिती प्रणाली म्हणतात, आणि एवढ्या गुंतागुंतीच्या घडणीचा निवाडा शेवटी एका प्रश्नावर आणून ठेवला जातो: तुम्ही समाधानी आहात का? विद्यापीठातल्या प्रबंधांपासून सरकारी संकेतस्थळांच्या मूल्यमापन अहवालांपर्यंत, आणि बँकेचा व्यवहार पुरा होताच पडद्यावर उमटणाऱ्या पाच चांदण्यांपर्यंत, सगळीकडे हाच तर्क चालतो. तो चुकीचा आहे, आणि त्यातली चूक केवळ शास्त्रीय बारकाव्याची नसून तिची किंमत ज्यांना प्रणाली नाकारता येत नाही अशा माणसांना मोजावी लागते, हे येथे दाखवायचे आहे. वापरणारा असमाधानी आहे असे सांगत असेल तर ते पुरावा म्हणून ग्राह्य धरावे. तो समाधानी आहे असे सांगत असेल तर तेवढ्यावरून प्रणालीविषयी काहीही सिद्ध होत नाही, मग आकडा कितीही मोठा असो. या दोन साक्षी सारख्या वजनाच्या नाहीत, आणि त्यांना एकाच पट्टीवर मांडणे हाच या संशोधनपरंपरेचा मूळ दोष आहे.

हे मत रुजले कसे, ते आधी पाहणे आवश्यक आहे, कारण त्याच्या जन्मातच पुढील बराचसा घोटाळा दडलेला आहे. १९८३ मध्ये जेम्स बेली आणि सॅमी पिअर्सन यांनी ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात संगणक वापरणाऱ्यांचे समाधान मोजण्याचे साधन मांडले. त्यात ३९ घटक होते, आणि प्रत्येक घटकाविषयी परस्परविरोधी विशेषणांच्या जोड्या देऊन त्यांच्या मधल्या सात पायऱ्यांपैकी एका पायरीवर खूण करायला सांगितले जाई. हे ३९ घटक नीट वाचले तर लक्षात येते की त्यांपैकी बरेचसे यंत्राविषयी नाहीतच: संगणक विभागातील कर्मचाऱ्यांशी संबंध कसे आहेत, कामांचा अग्रक्रम कोण ठरवतो, केलेल्या कामाचे पैसे कोणत्या पद्धतीने आकारले जातात, वरिष्ठ व्यवस्थापनाचा सहभाग किती, असे प्रश्न त्यात आहेत. ज्या ३२ जणांच्या मुलाखतींवर हे साधन तपासून घेतले गेले ते आठ संस्थांमधले मध्यम स्तरावरील व्यवस्थापक होते. त्या काळी ‘वापरकर्ता’ म्हणजे प्रामुख्याने संगणक विभागाकडून छापील अहवाल मागवून घेणारा अधिकारी होता. कळफलकावर दिवसभर आकडे भरणारा कारकून त्या व्याख्येत फारसा येतच नव्हता. एका खात्याच्या अधिकाऱ्याला दुसऱ्या खात्याची सेवा कशी वाटते हे मोजणारे ते साधन होते, आणि तेवढ्या कामासाठी ते चांगलेही होते.

त्याच वर्षी ब्लेक आइव्ह्ज, मार्ग्रेथ ओल्सन आणि जॅक बरूडी यांनी हे साधन तपासून त्याचे छोटे रूप तयार केले आणि समाधान कशासाठी मोजायचे याचे कारणही मोकळेपणाने सांगितले. माहिती प्रणालीमुळे संस्थेचे निर्णय किती सुधारले, उत्पादन किती वाढले, हे प्रत्यक्ष मोजणे फार अवघड असते. म्हणून त्याच्या जागी वापरणाऱ्याचे समाधान हे बदली माप म्हणून घ्यावे, असा तो विचार होता. बदली माप घेण्यात गैर काही नाही. ताप मोजून रोगाचा अंदाज घेतला जातोच. परंतु बदली माप आणि मूळ वस्तू यांचा संबंध अधूनमधून पडताळून पाहावा लागतो, आणि १९८३ नंतर जे घडले ते बरोबर उलटे होते: मूळ वस्तू हळूहळू नजरेआड झाली आणि बदली मापच साध्य होऊन बसले. १९८८ मध्ये विल्यम डॉल आणि घोलामरेझा तोरकझादेह यांनी ४४ कंपन्यांतील ६१८ वापरकर्त्यांच्या उत्तरांवरून बारा प्रश्नांची नवी प्रश्नावली बनवली. संगणकासमोर स्वतः बसणाऱ्या माणसाला तिने केंद्रस्थानी आणले, हे तिचे खरे योगदान आहे, आणि आशय, अचूकता, मांडणी, वापराची सुलभता व वेळेवर मिळणे हे तिचे पाच भाग आजही पदव्युत्तर प्रबंधांत जसेच्या तसे भाषांतरित होऊन वापरले जातात.

या परंपरेचा सर्वांत ठाशीव बचाव विल्यम डीलोन आणि एफ्रेम मॅक्लीन यांच्या १९९२ च्या निबंधात सापडतो. एखाद्या शास्त्रात ज्या गोष्टीचे कारण शोधायचे असते तिला अवलंबी चल म्हणतात; माहिती प्रणालींच्या शास्त्राला असा सर्वमान्य अवलंबी चल अजून सापडलेलाच नाही, या तक्रारीपासून तो निबंध सुरू होतो आणि प्रणालीची गुणवत्ता, माहितीची गुणवत्ता, वापर, वापरकर्त्याचे समाधान, व्यक्तीवरील परिणाम व संस्थेवरील परिणाम अशी यशाची सहा अंगे मांडतो. समाधान हे माप इतके लोकप्रिय का, याची तीन कारणे त्यांनी दिली. ज्या प्रणालीविषयी वापरणारेच आवड व्यक्त करतात तिचे यश नाकारणे कठीण असते. बेली-पिअर्सन परंपरेमुळे समाधान मोजण्याचे विश्वसनीय साधन हाताशी आहे. आणि इतर मापे एक तर कल्पनेच्या पातळीवर कच्ची आहेत किंवा मिळवायला अवघड आहेत. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कोणतेही एकच माप पुरेसे नाही असा या लेखकांचा स्वतःचा आग्रह होता. परंतु नंतरच्या असंख्य अभ्यासकांनी सहा अंगांपैकी सोपे तेवढे उचलले आणि ही तीन कारणे ढालीसारखी पुढे धरली. म्हणून प्रतिवाद या तीन कारणांचा करावा लागतो, आणि त्यातही पहिल्याचा सर्वाधिक, कारण सर्वसामान्य वाचकाला तेच बिनतोड वाटते.

वापरणारा आवड व्यक्त करतो म्हणजे त्याला ती वस्तू आवडते, हे मुळात खरे आहे का? स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्लिफर्ड नॅस आणि त्यांचे सहकारी यंगमी मून व पॉल कार्नी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. सहभागी व्यक्तींनी एका संगणकावर शिकवणीचे सत्र पुरे केले आणि मग त्या संगणकाच्या कामगिरीविषयी मत दिले. काहींना तोच संगणक प्रश्न विचारत होता, काहींना दुसरा संगणक, आणि काहींना कागदावरची प्रश्नावली दिलेली होती. ज्याच्याविषयी मत द्यायचे तोच संगणक विचारत असताना उत्तरे अधिक गोड आली, आणि ती एकमेकांशी अधिक मिळतीजुळतीही आली. यंत्राला भावना नसतात हे त्या सर्वांना ठाऊक होते. तरीही तोंडावर वाईट बोलायचे नाही ही माणसाची जन्माची सवय यंत्रासमोरही सुटली नाही. मराठीत ज्याला भीड म्हणतात ती हीच, आणि निर्जीव पडद्यासमोर जर ती पडत असेल तर जिवंत अधिकाऱ्यासमोर किती पडेल याचा हिशेब करायला फार मोठे गणित लागत नाही.

तो हिशेब प्रत्यक्ष झालेलाही आहे, आणि तोही भारतात. निकोला डेल यांनी सहकाऱ्यांसह बंगळूरमध्ये ४५० मुलाखती घेतल्या आणि २०१२ मध्ये त्यांचे निष्कर्ष मांडले. उत्तरे देणाऱ्यांमध्ये विद्यापीठातील विद्यार्थी होते, तसेच रिक्षाचालकही होते. त्यांना दोन तंत्रसाधने दाखवून अधिक पसंत कोणते ते विचारण्यात आले, आणि त्यांपैकी एक मुलाखत घेणाऱ्याने स्वतः बनवलेले आहे अशी त्यांची समजूत होईल अशी व्यवस्था केलेली होती. दोन्ही साधने हुबेहूब सारखी असतानाही मुलाखतकाराचे साधन पसंत करण्याकडे सुमारे अडीच पट कल दिसला. मुलाखत घेणारी व्यक्ती परदेशी असून दुभाष्याच्या मदतीने बोलत होती तेव्हा हा कल पाच पटींवर गेला. उघड उघड निकृष्ट करून ठेवलेले साधनही, ते मुलाखतकाराचे आहे एवढ्याच कारणाने, लोकांनी उचलून धरले. या प्रयोगाचे महत्त्व पसंतीतल्या फरकापेक्षा त्या फरकाच्या दिशेत आहे. विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यामधले सामाजिक अंतर जितके वाढते तितके उत्तर गोड होत जाते, आणि भारतातील सार्वजनिक संगणक प्रणालींचे मूल्यमापन जवळजवळ नेहमीच हे अंतर जास्तीत जास्त असलेल्या परिस्थितीत होते: विचारणारा जिल्ह्याच्या ठिकाणाहून किंवा मुंबई-दिल्लीहून आलेला, हातात टॅब्लेट घेतलेला; उत्तर देणारा रांगेत उभा राहून आलेला, आणि ज्याचे रेशन, पेन्शन किंवा दाखला त्याच कार्यालयातून पुढेही निघायचा आहे असा. ‘अडला हरी’ ही म्हण ज्या अवस्थेचे वर्णन करते त्या अवस्थेत घेतलेल्या साक्षीला कोणतेही न्यायालय स्वेच्छेची साक्ष मानणार नाही; संशोधनाने ती का मानावी?

येथे भाषेचाही प्रश्न येतो आणि तो भाषांतराच्या नेहमीच्या अडचणींहून खोल आहे. मराठीत समाधान हे वस्तूच्या गुणापेक्षा माणसाच्या वृत्तीशी अधिक बांधलेले आहे. समाधान मिळते, तसेच ते ‘मानले’ही जाते, आहे त्यात समाधान मानणे हा मराठी संस्कारात दोष नसून सद्गुण आहे, आणि समाधानी माणूस म्हणजे कुरकुर न करणारा, मिळेल ते गोड मानून घेणारा माणूस. सातारा किंवा परभणीतल्या एखाद्या वयस्क बाईला ‘या सेवेबाबत तुम्ही समाधानी आहात का’ असे विचारले तर प्रश्न तिच्या कानावर पडतो तो तिच्या स्वभावाविषयीचा म्हणून, आणि आपण असमाधानी आहोत असे परक्यासमोर सांगणे तिला आपल्याच पदराला डाग लावून घेण्यासारखे वाटू शकते. तिने दिलेले ‘हो, आहे ना’ हे उत्तर खोटे नसते. ते तिच्याविषयी खरे असते. त्या उत्तरावरून पोर्टलला पाचपैकी पाच गुण देणे म्हणजे एका माणसाचा सोशिकपणा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणे होय. ‘कुठे अडलात’, ‘परत किती वेळा यावे लागले’, ‘कोणाकडून भरून घेतलेत आणि त्याला किती दिलेत’ असे प्रश्न विचारले तर तीच बाई तपशीलवार, बिनचूक बोलते, कारण त्या प्रश्नांत तिच्या स्वभावाची परीक्षा नसते.

समाधान हे अपेक्षेशी बांधलेले असते, हे तर या शास्त्राचे स्वतःचेच म्हणणे आहे. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये ग्राहकांविषयी मांडलेला सिद्धांत असा की आधीची अपेक्षा आणि नंतरचा अनुभव यांतील फरकातून समाधान घडते. २००१ मध्ये अनोल भट्टाचार्जी यांनी तोच विचार इंटरनेट बँकिंगच्या ग्राहकांना लावून, लोक एखादी प्रणाली पुढेही का वापरत राहतात याचे स्पष्टीकरण दिले. हा सिद्धांत मान्य केला की त्यातून जे अपरिहार्यपणे निघते ते मात्र कोणी अहवालात लिहीत नाही: अपेक्षा खाली ओढली की समाधान वर जाते. ज्याने सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात वर्षानुवर्षे हेलपाटे घातले त्याला दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा उतारा देणारे संकेतस्थळही सुखाचे वाटेल, आणि ज्याने असे हेलपाटे कधी घातलेच नाहीत त्या शहरी तरुणाला तेच संकेतस्थळ असह्य वाटेल. दोघांनी वापरलेली प्रणाली एकच असते. पहिल्याचे पाच आणि दुसऱ्याचे दोन गुण एकत्र करून साडेतीन ही सरासरी काढली तर ती प्रणालीविषयी काहीच सांगत नाही. ती त्या दोघांच्या पूर्वायुष्यांची सरासरी असते. ज्यांच्यावर आजवर सर्वाधिक अन्याय झाला त्यांच्याकडूनच सर्वाधिक गुण मिळवून देणारी पट्टी सार्वजनिक सेवेच्या मूल्यमापनात वापरणे हे केवळ अशास्त्रीय नाही, ते अन्यायकारकही आहे.

दुसरे कारण विश्वसनीय साधन हाताशी असल्याचे. विश्वसनीयता या शब्दाचा शास्त्रीय अर्थ येथे स्पष्ट केला पाहिजे, कारण बोलीभाषेतील अर्थामुळे फसगत होते. ली क्रोनबाख यांनी १९५१ मध्ये रूढ केलेला अल्फा हा गुणांक प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत उत्तरे मिळवतात एवढेच सांगतो. ती उत्तरे खरी आहेत का, हे तो सांगत नाही. ज्या तराजूच्या एका पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला आहे तो तराजू रोज, प्रत्येक गिऱ्हाईकाला, अगदी सुसंगतपणे कमी माल देतो. मापात पाप असले तरी माप स्थिर असू शकते. भिडेखातर दिलेली उत्तरे तर एकमेकांशी विशेषच जुळतात, हे नॅस यांच्या प्रयोगात दिसलेच. म्हणजे ज्या दोषामुळे उत्तरे खोटी होतात तोच दोष अल्फाचा आकडा वाढवून साधनाला चांगले प्रशस्तिपत्र मिळवून देऊ शकतो. आणि स्थैर्याचा दावा तरी निर्विवाद आहे असे नाही. डेनिस गॅलेटा आणि अल्बर्ट लेडरर यांनी १९८९ मध्येच या मापनाविषयी सावधगिरीचा इशारा दिला होता.

साधनाच्या पोटात शिरून पाहिले तर प्रश्न आणखी स्पष्ट होतो. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना तयार केलेली आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली सिस्टिम युजेबिलिटी स्केल ही दहा विधानांची श्रेणी आज जगभर वापरली जाते. ब्रूक यांनी स्वतः तिला झटपट आणि कामचलाऊ म्हटले होते, हा त्यांचा प्रामाणिकपणा तिच्या नंतरच्या भक्तांनी फारसा लक्षात ठेवला नाही. तिच्यातली विषम क्रमांकांची विधाने प्रणालीची स्तुती करणारी आणि सम क्रमांकांची दोष दाखवणारी आहेत. उत्तर एक ते पाच या अंकांत द्यायचे. विषम विधानाच्या अंकातून एक वजा करायचा, सम विधानाचा अंक पाचातून वजा करायचा, सगळ्यांची बेरीज करून तिला अडीचने गुणायचे, की शून्य ते शंभर असा आकडा मिळतो. आता जो माणूस प्रत्येक विधानाला डोळे मिटून ‘पूर्ण सहमत’ म्हणतो त्याचे काय होते? पाच स्तुतिपर विधानांचे प्रत्येकी चार, पाच दोषदर्शक विधानांचे शून्य, बेरीज वीस, गुणाकार पन्नास. प्रत्येकाला ‘मुळीच सहमत नाही’ म्हणणाऱ्याचेही पन्नास, आणि प्रत्येक ठिकाणी मधला तीन टाकून वेळ मारून नेणाऱ्याचेही पन्नासच. शेकडो अभ्यासांवरून या श्रेणीची सरासरी ६८ च्या आसपास धरली जाते, म्हणजे होला हो करणारा येथे निदान प्रणालीला वर तरी ढकलत नाही. ही ब्रूक यांची दूरदृष्टी होती. याउलट डॉल-तोरकझादेह यांचे बाराही प्रश्न एकाच दिशेने, स्तुतीच्या बाजूने विचारलेले आहेत. तिथे होला हो करणाऱ्याला साठपैकी साठ गुण मिळतात, आणि भारतातील बहुतेक अभिप्राय-अर्ज याच घडणीचे असतात.

यावर प्रतिपक्षाकडे एक चांगले उत्तर आहे आणि ते लपवू नये. जेफ सॉरो आणि जेम्स लुइस यांनी २०११ मध्ये ब्रूक यांच्या श्रेणीची सर्व विधाने स्तुतिपर करून पाहिली आणि आकड्यांत फारसा फरक पडत नाही, उलट उलटसुलट विधानांमुळे उत्तर देणाऱ्यांच्या व गुण मोजणाऱ्यांच्या चुका होतात, असे दाखवले. हा निष्कर्ष मान्य करायला हरकत नाही. परंतु तो संकेतस्थळे आपखुशीने वापरणाऱ्या, निनावी उत्तर देणाऱ्या, पाहणीशी पुढे कोणतेही देणेघेणे नसलेल्या लोकांविषयी आहे. ज्याला विचारणाऱ्याची भीती किंवा गरज आहे त्याच्याविषयी तो काहीच सांगत नाही. शिवाय क्रेग फिनस्टॅड यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना त्या श्रेणीतले आठवे विधानच कळत नव्हते, कारण त्यातला ‘कंबरसम’ (अवजड, गैरसोयीचा) हा शब्द त्यांच्या ओळखीचा नव्हता. जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीतला एक दशांश भाग लोकांना न समजताही आकडे येत राहिले आणि छापले जात राहिले, ही बाब गंभीर आहे.

तिसरे कारण इतर मापे अधिक वाईट असल्याचे. हे १९९२ मध्ये काही अंशी खरे असेल, आज नाही. प्रत्येक प्रणाली स्वतःच्या वापराची नोंद ठेवते: किती अर्ज सुरू झाले आणि किती अर्धवट सुटले, कोणत्या पानावर सुटले, एका कामाला किती मिनिटे लागली, बोटाचा ठसा कितव्या प्रयत्नाला जुळला. काम पुरे होणे, ते कमी श्रमात होणे आणि समाधान वाटणे ही वापरसुलभतेची तीन अंगे आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकाने १९९८ मध्येच वेगळी सांगितली. जेकब नील्सन आणि जोनाथन लेव्ही यांनी १९९४ मध्ये लोक बहुधा ज्यावर आपले काम चांगले होते तीच प्रणाली पसंत करतात असे मांडले, तरी उलट उदाहरणेही त्यांना सापडली. आणि कॅस्पर हॉर्नबेक व एफी लॉ यांनी २००७ मध्ये ७३ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा या तीन अंगांमधला सहसंबंध, म्हणजे एक वाढले की दुसरे वाढण्याचे प्रमाण, सामान्यतः क्षीण आढळला. समाधानावरून बाकीच्या दोन अंगांविषयी अनुमान काढता येत नाही, एवढे त्यातून निश्चित होते. त्यातही मोठी उणीव ही की समाधानाचा प्रश्न व्यवहार पुरा झाल्यावर विचारला जातो. शेतात, बांधकामावर किंवा धुण्याभांड्यांत ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या आणि ज्याचा ठसा रेशन दुकानातल्या यंत्राने घेतलाच नाही, तो पिशवी रिकामी घेऊन घरी गेलेला असतो. पाच चांदण्यांच्या पानापर्यंत तो पोचतच नाही.

मग समाधानाची पाहणी टाकूनच द्यावी का? तसे म्हणणे अतिरेकाचे होईल, आणि अमेरिकेतील डॉक्टरांचे उदाहरण त्याविरुद्ध उभे राहते. २००९ च्या हायटेक कायद्याने रुग्णनोंदी संगणकीय करणाऱ्या डॉक्टरांना आणि रुग्णालयांना मोठे आर्थिक प्रोत्साहन दिले, आणि २०१५ पर्यंत तेथील संघराज्य सरकारच्या मालकीची नसलेल्या, अल्पकालीन उपचार देणाऱ्या रुग्णालयांपैकी ९६ टक्क्यांनी प्रमाणित प्रणाली घेतली होती. ‘वापर’ हे यशाचे माप धरले तर याहून मोठे यश सांगता येणार नाही. परंतु क्रिस्टीन सिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रत्यक्ष निरीक्षण करून दाखवले की डॉक्टर रुग्णासोबत घालवतात त्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरच्या कामात जातात; आणि एडवर्ड मेलनिक व सहकाऱ्यांनी ब्रूक यांचीच श्रेणी वापरून ८७० डॉक्टरांची मते घेतली तेव्हा सरासरी ४५.९ आली, म्हणजे प्रत्येक विधानाला आंधळेपणाने ‘सहमत’ म्हणणाऱ्याच्या पन्नासपेक्षाही कमी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी गुण देणाऱ्या डॉक्टरांमध्ये कामाने खचून जाण्याचे प्रमाण अधिक असल्याचेही दिसले. येथे समाधानाच्या पाहणीने खरोखर काम केले, कारण उत्तर देणारे प्रतिष्ठित आणि आपल्या व्यवसायात सुरक्षित होते, विचारणारे त्यांचे मालक किंवा प्रणालीचे विक्रेते नव्हते, आणि आकडा खाली आला होता. भीड, गरज, खालावलेली अपेक्षा, सोडून गेलेल्यांची गैरहजेरी हे सगळे दोष आकड्याला वर ढकलणारे आहेत. त्यांना न जुमानता आकडा खाली येतो तेव्हा त्यामागे काहीतरी ठोस असते. उंच आकड्याला असा आधार नसतो, कारण प्रणाली चांगली असली तरी तो येतो आणि माणूस असहाय असला तरी तो येतो.

याला उत्तर म्हणून सांगितले जाईल की माणसे सवयीमुळे नव्याला विरोध करतात, व्यवस्थापनावरचा राग यंत्रावर काढतात, म्हणून असमाधानाची साक्षही निर्मळ नसते. हे खरे आहे. तरीही दोन चुकांचे परिणाम सारखे नसतात. खाली आलेला आकडा चौकशीला भाग पाडतो, आणि चौकशीत राग यंत्रावरचा की साहेबावरचा हे कळून येते. वर गेलेला आकडा चौकशीचे दार बंद करतो, आणि आत काय होते ते मग कळण्याचा मार्गच उरत नाही. ज्या बाजारातून ग्राहक सहज निघून जाऊ शकतो, एक ॲप काढून दुसरे टाकू शकतो, तिथे ही चूक फार काळ टिकत नाही, कारण माणसे निघून जातात आणि ते दिसते. सक्तीच्या वापरात निघून जाणे शक्य नसते, म्हणून तिथे समाधानाच्या आकड्याशेजारी कोणी विचारले, विचारणाऱ्याचा प्रणालीशी काय संबंध होता, उत्तर देणाऱ्याला नकार देता येत होता का आणि किती जण व्यवहार अर्धवट टाकून गेले, हे छापल्याखेरीज तो आकडा छापूच नये.

अशा सक्तीच्या वापराचे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने पोषण ट्रॅकर हे ॲप सुरू केले आणि बालकांची वजने, उंची, हजेरी, घरपोच आहार यांच्या नोंदी त्यावर भरणे अंगणवाडी सेविकांच्या कामाचा भाग झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातील हजारो सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. त्यांच्या तक्रारी कोणत्याही बारा प्रश्नांच्या प्रश्नावलीहून अधिक नेमक्या होत्या: संचाची स्मृती अपुरी असल्याने ॲप उघडताच तो अडकतो, तापतो, दुरुस्तीचा खर्च मानधनातून करावा लागतो, नोंदी इंग्रजीत भरायला लावल्या जातात, आणि मराठी शाळेत शिकलेल्या बाईला ज्या लेकराला ती रोज हाक मारते त्याचे नाव परक्या लिपीत लिहिताना चुकण्याची भीती वाटते. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या, वरिष्ठांच्या शेऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकांनी सरकारी वस्तू परत करायची म्हणजे भीड, गरज आणि भीती तिन्ही ओलांडून केलेली कृती होती. बालविकास प्रकल्प कार्यालयांत जमा झालेल्या त्या संचांची तालुकावार संख्या आणि त्यांच्यासोबत दिलेल्या निवेदनांतील तक्रारी हातात घेऊनच त्या प्रणालीच्या मूल्यमापनाला बसले पाहिजे. त्यांच्या शेजारी समाधानाची प्रश्नावली ठेवायची असेल तर ती सेविकांना मराठीत, निनावी, आणि खात्याबाहेरच्या माणसाने द्यावी.